शंभराच्या आत

लोसालिने हसायला लागली की द्राक्षांच्या तीन ओळी पलीकडे काम करणाऱ्या बायकाही हसू लागत, विनोद काय झाला ते कळलेलं नसतानाही. मेलबर्नपासून लांब, रॉबिनव्हेल गावी मरे नदीच्या काठाने जेवढे मळे आहेत, त्यातल्या निम्म्या मळ्यांवर ती कधी ना कधी राबलेली होती. दूर समुद्रातल्या हापायच्या बेटावरून लग्न होऊन इथे परमुलखात आली तेव्हा ऐन तरुण होती. आता पन्नाशी मागे पडली होती. डोक्याला फडकं, हातात कात्री आणि तोंडाची टकळी सतत चालू. घडाच्या मण्यांना बोट लावायचं नाही, देठाला धरून कापायचा, नाहीतर वरची पांढरी लव पुसली जाते, हे तिने किती नव्या पोरींना शिकवलं असेल याची गणती नव्हती.

अंगाने ती थोराड होती. एकशे सव्वीस किलो. पण हा आकडा दवाखान्यातला. चर्चमध्ये, लग्नात, मयतीत तिच्या अंगाला आकडा नव्हता. काळे कपडे करून, बेटावरच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून ती दारात उभी राहिली की दार भरून जायचं आणि माणसं आपसूक सरकून जागा करायची. नवरा केपुएली बदामाच्या बागेत ट्रॅक्टर चालवायचा. तो चारचौघांत सांगायचा, "माझी बायको समुद्रात उतरली की भरती येते," आणि ती त्याच्या पाठीत असा गुद्दा घालायची की त्याच्या हातातली कावा या मुळीच्या पेयाची वाटी हिंदकळायची.

तिला एकच भाऊ, सालेसी. चार वर्षांनी धाकटा, तिच्या मागोमाग इथेच येऊन राहिलेला. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊ-माखू घातलं ते लोसालिनेनेच. पण तो मिसरूड फुटायच्या वयाला आला आणि रीतीप्रमाणे दोघांच्या मध्ये पडदा आला. बहीण-भाऊ एका खोलीत लोळत नाहीत, शेजारी बसून टीव्ही बघत नाहीत, एकमेकांसमोर अंगाबद्दल, आजाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बहिणीचा मान मोठा. ती अंगणात आली की सालेसी टोपी काढून उभा राहायचा. बोलायचा तेही अहो-जाहो करून, नजर खाली ठेवून. तिच्या शब्दाला त्याच्याकडे 'नाही' हा शब्दच नव्हता. त्याच्या मुलांची नावं तिने ठेवली होती, घर कुठल्या गल्लीत घ्यायचं तेही तिनेच ठरवलं होतं. यात कुणाला जाच वाटत नव्हता. माया होतीच, ती फक्त लांबून करायची होती.

तो चर्चच्या बँडमध्ये मोठा पितळी बाजा वाजवायचा. रविवारी तो बाजा घुमू लागला की लोसालिने बायकांच्या रांगेतून आपला आवाज त्याच्यावर चढवायची. तेवढाच त्यांचा मोकळा संवाद म्हणायचा.

एका रविवारी बाजा दुसऱ्याच्या हातात दिसला. पुढचा रविवारही तसाच गेला. मग सालेसीची बायको तोआकासे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात टॅरोच्या, अळूसारख्या पानांची जुडी होती, पण ती द्यायला आली नव्हती हे तोंडावरून दिसत होतं.

"वन्सं, त्यांना मशीनवर घेणार आहेत."

"कसल्या मशीनवर?"

"रक्त धुवायच्या. किडन्या गेल्यात दोन्ही. आठवड्यातनं तीनदा मिल्ड्युराला जायचं."

"गेल्यात म्हणजे? कधी गेल्या? आणि मला आज सांगतेस?"

"मलाही त्यांनी आत्ताच सांगितलं. पाय सुजले होते तर म्हणे बूट लहान झाले." तोआकासेने जुडी ओट्यावर ठेवली. "मशीन म्हणजे दिवस काढणं. दुसऱ्या कुणाची किडनी मिळाली तर सुटका. पण त्यालाही रांग आहे, वर्षानुवर्षांची. नाहीतर घरातल्या कुणी द्यायची. मला साखर आहे, माझी चालणार नाही. पोरं अजून शाळेत."

"मग माझी घ्या की," लोसालिने म्हणाली. शेजारणीला मोठं पातेलं न्यायला सांगावं, तसं.

तोआकासे तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. "बरं, वन्सं," एवढंच म्हणाली आणि गेली.

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. लोसालिनेची किडनी तरण्या बाईची असावी अशी ठणठणीत निघाली. तिने त्या रात्री मेजवानीला डुक्कर कापायचंच बाकी ठेवलं होतं. पण ऑपरेशन करणार होते त्या मेलबर्नच्या डॉक्टरांकडून निरोप आला तो गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टर पास्कोबाईंकडे. पास्कोबाई गव्हाच्या शेतावर वाढलेल्या, काटक, पिंगट केसांच्या. गोड बोलणं त्यांना जमत नसे आणि त्या तसा प्रयत्नही करत नसत.

"किडनी उत्तम आहे. माणूस जास्त आहे," त्या म्हणाल्या. "शंभराच्या आत वजन आणा, मग ते ऑपरेशनचं बघतील. या वजनावर तुम्हाला भूल देणंही धोक्याचं, आणि पुढे एकाच किडनीवर सगळा भार."

"आणते. ते पोटात टोचायचं इंजेक्शन द्या मला. आठवड्यातनं एकदाचं. फोनवर बघितलं मी, एक बाई निम्मी झालीय."

"फोनवर दिसते ती हजारातली एक, लोसालिने. बाकीच्या नऊशे नव्याण्णव जणी व्हिडिओ काढत नाहीत." पास्कोबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. औषध चांगलं आहे, मी देणार आहे. पण त्याच्याकडून काय मागायचं ते आधी ठरवू. साधारण माणसाचं या औषधावर शंभरातले पंधरा किलो जातात, तेही वर्ष-सव्वा वर्षाने. म्हणजे तुमचे अठरा-एकोणीस. कुणाचे जास्त, कुणाचे कमी, काहींचं वजन हलतच नाही. सुरुवातीला भराभर उतरतं, मग हळू, मग थांबतं. थांबलं म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, अंगच तिथे पाय रोवून उभं राहतं. आणि औषध सोडलं की बरंचसं परत येतं."

"अठरा गेले की राहिले किती?"

"एकशे आठ."

"मग वरचे आठ मी घालवीन. माझ्या हिमतीवर."

"ते आठच सगळ्यात अवघड असतात," पास्कोबाई म्हणाल्या. "तुमच्या भावासाठी मी आणखी दुसरीकडेही प्रयत्न चालू ठेवायला सांगणार आहे. सगळा भरवसा यावर टाकू नका."

लोसालिनेने मान डोलावली. तिला ऐकू आलं होतं ते एवढंच, की औषध चांगलं आहे.

पहिले काही महिने खरोखरच जादू झाली. सुई केसासारखी बारीक, टोचलेली कळायचीही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भूक अशी गेली, जणू कुणी आतला दिवा फुंकून टाकला. मळ्यात डबा उघडला की दोन घासांत पोट भरायचं. मळमळ व्हायची, कुजक्या अंड्यासारखे ढेकर यायचे. ती फडक्याआड ढेकर द्यायची आणि हसायची. कपडे ढिले झाले. सोबतच्या बायका चिडवू लागल्या.

"काय गं, नवा नवरा बघितलास की काय?"

"जुनाच ओळखेनासा झालाय मला, नवा कशाला?"

"केपुएलीची भरती ओसरली म्हणायची!"

केपुएलीला मात्र हसू येत नव्हतं. रविवारची उमू तोच लावायचा. पहाटे उठून खड्डा पेटवायचा, दगड तापवायचा, टॅरोच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधून पुरायचा. लग्नापासून पहिलं पुडकं तिच्या पानात पडायचं, आणि ते उघडताना ती डोळे मिटून जो वास घ्यायची तो बघायला तो समोर बसायचा. आता तिने पुडकं उघडलं, बोटभर खाल्लं आणि ताट सरकवलं.

"बिघडलंय का?" त्याने विचारलं.

"छान झालंय."

"मग?"

"छान झालंय म्हटलं ना. मावत नाही रे."

तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ खड्ड्यातले दगड उपसत राहिला. ती खिडकीतून बघत होती. तिला वाईट वाटत होतं, पण भूक नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हिरमुसण्याचंही पुरतं वाईट वाटत नाही, असं काहीसं तिचं झालं होतं. चवच उडाली होती सगळ्याची.

तरी दर रविवारी चर्चमध्ये ती पुरुषांच्या बाजूला डोकं वळवायची. सालेसी मागच्या बाकावर बसलेला असायचा, लांब बाह्यांचा सदरा घालून. बाहीखाली हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती, मशीनच्या सुया तिथे जात. रंग मातकट झाला होता. त्याची नजर भेटली की तो चटकन खाली बघायचा. ती मनात म्हणायची, थांब जरा. येतेच मी.

डिसेंबरात, इकडच्या उन्हाळ्यात, द्राक्षं भरायला लागली तेव्हा, काटा एकशे आठवर आला. आणि तिथेच बसला.

एक आठवडा, दुसरा, तिसरा. लोसालिने दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहायची, उतरायची, चपला काढून पुन्हा चढायची. पास्कोबाईंनी औषधाची मात्रा शेवटच्या पायरीला नेली होती, त्याच्या वर जायला जागा नव्हती.

"एवढंच असतं का?" तिने विचारलं.

"बहुतेकांचं एवढंच असतं. मी म्हटलं होतं तुम्हाला."

"पण मला आठच तर हवेत."

"माहीत आहे." पास्कोबाईंनी चष्मा काढला. "मी मेलबर्नला विचारते, एकशे आठवर काही करता येतं का. शरीरावर जबरदस्ती करू नका. प्रथिनं खा, पाणी प्या, चाला. उलट्या होतात का?"

"नाही," लोसालिने म्हणाली.

होत होत्या. मात्रा वाढल्यापासून रोज होत होत्या. पण हे सांगितलं तर बाई औषध कमी करतील, ही तिला भीती. त्यात तोआकासेने येऊन सांगितलं होतं, की मशीनवर असताना सालेसीचा रक्तदाब पडून डोळे पांढरे झाले, सगळ्या नर्सा धावल्या. लोसालिनेने त्या दिवसापासून दुपारचा डबा नेणं बंद केलं. मग सकाळचंही. भूक नव्हतीच, तेव्हा उपास सोपा होता. तिला तर ती देवाचीच योजना वाटली. काट्यावर पाण्याचंही वजन भरतं, असं कुणीतरी म्हणालेलं ऐकून ती पाणीही घोट-घोट पिऊ लागली. एकशे सहा झाले. एकशे चार झाले. एकशे तीन. रात्री अंथरुणात ती बोटांवर राहिलेले किलो मोजायची आणि एका हाताची बोटं पुरतात म्हणून खूश व्हायची.

केपुएलीने एकदा चिडून विचारलं, "तू मरायला बसलीयस का?"

"मी भावाला जगवायला बसलेय."

"आणि मी? मी कोण? रस्त्यावरचा?"

ती उठून आत गेली. तो तरी काय बोलणार? तिच्या माहेरच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे बोलायची त्याचीही प्राज्ञा नव्हती.

फेब्रुवारीत तोडणी जोरात आली. उन्हाने लाल माती भाजून निघत होती, मालकाने दुपारी लवकर सुट्टी द्यायची म्हणून पहाटे कामाला घेतलं होतं, तरी दहा वाजताच पानांखाली भट्टी झाली. लोसालिने हात वर करून घड कापत होती. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तिने मानेनेच नको म्हटलं. मग तिला द्राक्षं काळी दिसायला लागली, सगळीच, हिरवीसुद्धा. ती बसायला म्हणून वाकली आणि क्रेटवर आडवी पडली.

शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि पास्कोबाई पायथ्याशी उभ्या होत्या.

"तुमच्या किडन्यांनी मार खाल्लाय," त्या म्हणाल्या. "पाणी नाही, अन्न नाही, वर उलट्या, वर ऊन. रक्तातले आकडे वाईट आलेत."

लोसालिनेच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. "कायमच्या गेल्या?"

"नाही. भरून येतील, असं वाटतंय. पण मेलबर्नवाले आता थांबायचं म्हणतात. सहा महिने तरी. सगळं परत पूर्ववत झालंय हे दिसल्याशिवाय ते तुमची किडनी घेणार नाहीत."

"तीनच राहिले होते, डॉक्टर."

 पास्कोबाई खुर्ची ओढून बसल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला, उलट्या होतात का."

"हो."

"मी पुन्हा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. लोसालिनेला वाटलं केपुएली. बघते तर सालेसी, टोपी हातात, अर्धा पाठमोरा. बहीण अंथरुणात आहे, केस मोकळे आहेत, अशा खोलीत भावाने यायचं नसतं. तिने घाईघाईने चादर गळ्यापर्यंत ओढली. तो उंबऱ्यावर क्षणभर घुटमळला आणि आत आला. थेट खाटेच्या पायथ्यापर्यंत. त्याच्या पायांत सपाता होत्या, घोट्यांवर सूज.

"ताई."

"तू कशाला आलास? तोआकासे नाही आली?"

"बाहेर आहे ती. मीच येतो म्हटलं." त्याचा श्वास तेवढ्या चालण्यानेही लागला होता. "ताई, तुम्ही जेवा."

"माझं मी बघते. तू तुझं—"

"मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"तेच तर. मागितलं नाहीस म्हणूनच मी—"

"आता मागतो," तो म्हणाला. नजर अजून फरशीवरच होती, पण आवाज बँडमधला होता, खालून येणारा, घुमणारा. "जेवा. बाकी मला काही नको."

तिने मान फिरवली. तिला रडताना त्याने बघायला नको होतं. परत वळून बघितलं तेव्हा टोपी डोक्यावर चढवत तो बाहेर पडत होता, भिंतीला एक हात लावून.

तोडणी संपली. वेलींची पानं पिवळी पडायला लागली. लोसालिने घरी आली, दोन वेळा ताटावर बसू लागली, सांगितलेलं पाणी मोजून पिऊ लागली. रक्ताचे आकडे सुधारत होते. पास्कोबाईंनी इंजेक्शन थांबवलं होतं. पुढे खालच्या मात्रेवरून पुन्हा सुरू करू म्हणाल्या. मनात ती महिने पुढे ढकलत होती. हिवाळा संपला की पुन्हा तपासणी, मग पुन्हा काटा.

सालेसी एप्रिलमध्ये गेला. मिल्ड्युराला नेणारी गाडी उजाडतानाच यायची. त्या दिवशीही तोआकासेने त्याला चहा करून दिला, बूट चढवायला मदत केली आणि तो व्हरांड्यातल्या खुर्चीत गाडीची वाट बघत बसला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. मग तोच उतरून फाटक उघडून आत आला आणि तोआकासेला हाक मारली.

मयत चर्चच्या हॉलमध्ये ठेवली. मेलबर्नहून, सिडनीहून माणसं आली. कुणी चटया आणल्या, कुणी झाडाच्या सालीचं रंगवलेलं लांबरुंद कापड. लोसालिने उशाशी बसली. तिथे बसायचा मान बहिणीचा, ती उठेपर्यंत तिथे दुसरं कुणी बसत नाही. सगळ्यात चांगल्या चटया तिच्यासमोर येऊन पडत होत्या आणि ती कशालाही हात लावत नव्हती. कमरेची चटई सैल होऊन सारखी घसरत होती. पुरुष मागे गात होते. बँडही वाजला, मोठ्या बाज्यावर आता कुणी नवखा होता, त्याचा सूर मधेच फाटायचा.

एक म्हातारी शेजारणीच्या कानाला लागली, पण बहिरी असल्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "किती वाळलीय गं ही."

"भावासाठी," शेजारीण म्हणाली.

"मग दिली का किडनी?"

"नाही. जमलं नाही."

लोसालिनेने घसरलेली चटई पुन्हा वर ओढली. 'जमलं नाही' हे शब्द तिने त्यानंतर कितीतरी दिवस तोंडातल्या खड्यासारखे इकडून तिकडे फिरवले.

इंजेक्शन तिने पुन्हा सुरू केलं नाही. भूक परत आली. आधी लाजत, मग दांडगाईने. केपुएलीने रविवारी पुडकं वाढलं की ती आता ते संपवायची, पण डोळे मिटून वास घ्यायची नाही. वर्ष भरत आलं तेव्हा काटा एकशे एकोणीसवर होता. भेटणारे म्हणायचे, "आता कशी आमची लोसालिने दिसतेस!" आणि ती बरं म्हणायची.

गुडघे दुखायला लागले म्हणून ती पास्कोबाईंकडे गेली. त्यांनी काट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"एक गोष्ट सांगू?" त्या म्हणाल्या. "औषधाने जेवढं करायचं तेवढं तुमच्या बाबतीत केलं होतं. अठरा किलो. पहिल्या दिवशी मी बोलले तेवढेच. ती हार नव्हती, लोसालिने. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी तुम्ही ते घेत असता तर आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या असत्या."

"अठरा किलोंत माझा भाऊ बसत नव्हता, डॉक्टर."

पास्कोबाईंनी तिचा गुडघा दाबून बघितला. मग म्हणाल्या, "गुडघ्यांसाठी पुन्हा सुरू करायचं का? थोडंसंच उतरेल. पण चालणं सोपं होईल."

"बघते," ती म्हणाली.

वर्षश्राद्धासारखं जे असतं, थडग्यावरचं कापड काढायचं, त्याच्या आदल्या दिवशी ती सालेसीच्या घरी मागच्या अंगणात बसून टॅरोची पानं धूत होती. समोर तोआकासे नारळ खवत होती. दोघींत वर्षभर कामापुरतंच बोलणं झालं होतं. तोआकासेने तिला कधी दोष दिला नव्हता, आणि लोसालिनेला तेच झोपू देत नव्हतं.

"तोआकासे," शेवटी तीच म्हणाली, "मी उन्हात पडले नसते तर आज तो असता. बोल की एकदा. तोंडावर बोल."

तोआकासेचा हात थांबला. "त्यांनी घेतलीच नसती, वन्सं."

"काय?"

"तुमची किडनी. ते घेणारच नव्हते. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, ताईचं अंग कापायचं आणि त्यातलं काढून माझ्यात घालायचं? मेलो तरी नाही. तिने मला न्हाऊ घातलंय."

पान लोसालिनेच्या हातातून बादलीत पडलं. "मग सांगितलं का नाही मला? वर्षभर मी— मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला 'नाही' कोण म्हणणार?" तोआकासे अगदी हळू म्हणाली. "त्यांना जमलं नाही. मला जमलं नाही. म्हणायचे, वजन उतरेपर्यंत वेळ आहे, तोवर यादीतनं दुसरी मिळेल, म्हणजे ताईला न दुखवता सुटेन. मीही तेच धरून बसले. आणि खरं सांगायचं तर, वन्सं, मला वाटायचं, तुम्ही शंभराच्या आत आलात की मी त्यांचे पाय धरीन. घ्या म्हणेन. म्हणजे माझाही लोभ होताच."

 नदीकडून कोरेला पोपटांचा थवा ओरडत गेला. लोसालिनेला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो ज्याच्यावर काढायचा तो मातीत होता, आणि समोर बसलेल्या बाईच्या हातांना नारळ खवून खवून चिरा पडल्या होत्या.

"तो चिडला होता का माझ्यावर?" तिने विचारलं. "मी ऐकत नव्हते म्हणून?"

"चिडतील कसले?" तोआकासेने डोळे दंडाला पुसले. "ते घरात येऊन तुमच्या नकला करायचे. चर्चमधून आले की म्हणायचे, बघितलंस का ताईला? हापायची बोट होती, पार होडी झाली. मनुका होणार आता तिचा, डब्यात भरून विकतील मिल्ड्युराला. आणि हसायचे. हसता हसता मग आत जाऊन बसायचे, दार लावून."

एवढ्या वर्षांत सालेसीने तिची थट्टा केलेली तिने कधी ऐकली नव्हती. ऐकायची सोयच नव्हती. "होडी?" ती म्हणाली. "होडी म्हणाला मला?"

"मनुकाही म्हणाले."

लोसालिनेला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, पूर्वीसारखं, आणि तोआकासेही हसू लागली. हसताना लोसालिनेचा श्वास अडकला, तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने भिजल्या हातांनी ते झाकून घेतलं. तोआकासे किसणी बाजूला ठेवून उठली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली. घरातून मुलांनी काय झालं म्हणून विचारलं.  काही वेळाने लोसालिनेने बादली जवळ ओढली आणि राहिलेली पानं धुवायला घेतली.